सकीनाबी आणि शाळेचा पंचा

सकीनाबींनी कुणा पोराला कधी नाव विचारलं नाही. पोर समोर आलं की त्या त्याची बाही वर सारायच्या, दंडावरचे देवी टोचल्याचे वण अंगठ्यानं चाचपायच्या आणि मगच ओळख द्यायच्या. "हौ, तू गुलमंडीची. तुला टोचलं तवा लई ऊन हुतं, माझी सुई घामानं घसरत हुती." मला त्या 'वाकड्या टीक्याची' म्हणत, कारण टोचताना मी हात हिसकला होता आणि माझा एक वण रांग सोडून कोपराकडं गेला होता. माझं लग्न ठरलं तेव्हा आई त्यांना बोलावणं करायला गेली. "कुसुमचं लग्न आहे, यायचं बरं का," असं आई म्हणाली, तर ह्या म्हणतात, "कुसुम कोन वो?" आईनं स्वतःच्या दंडावर बोट ठेवून वाकडी रेघ काढली, तेव्हा कुठं ओळख पटली.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादची. शहरात देवीची लस टोचायला सरकारी टीकेवाले होते, पण ते पुरुष. गोषातल्या घरांत त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत. म्हणून सरकारनं सकीनाबींना नेमलं होतं. त्यांचे यजमान हिमरूचं कापड विणायचे. ते अकाली गेले, माग चालवायला कोणी उरलं नाही, तेव्हा ह्या बाईनं ही नोकरी धरली. बुटक्या, अंगानं भरलेल्या, एका हातात पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात काळी छत्री. ऊन असो नसो, छत्री उघडीच. बुरखा घ्यायच्या, पण तोंडावरचा पडदा कायम मागं टाकलेला. "तोंड झाकलं तं पोरं जास्ती भेत्यात," असं त्यांचं म्हणणं.

तोंड उघडं असूनही पोरं भ्यायचीच. छत्री बोळाच्या तोंडाशी दिसली की कोण माळ्यावर, कोण शेजारच्या गोठ्यात. माझा धाकटा भाऊ तर एकदा ज्वारीच्या रिकाम्या कणगीत जाऊन बसला. आई त्याला हाका मारून दमली. सकीनाबी मात्र कणगीला पाठ करून आरामात बसल्या, पेटी उघडली आणि एकेक वस्तू काढत मोठ्यानं स्वतःशीच बोलू लागल्या. "ही काचेची नळी. हैदराबादहून आली. हिला गारवा लागतो, नाय तं रुसती. आनि हा माझा दिवा. ह्याच्यावर सुई भाजायची." थोड्या वेळानं कणगीतून एक डोकं वर आलं. मग खांदे आले. शेवटी पोरगं स्वतःच बाही वर करून पुढ्यात येऊन बसलं. "धरून टोचलं तं एका पोराला टीका व्हतो. बोलून टोचलं तं त्याच्या पोराबाळालाबी व्हतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एक गोष्ट मात्र त्यांना खपत नसे. आया पोराला चुचकारत, "काही काही दुखत नाही हं राजा," असं म्हणाल्या की सकीनाबींची सुई हवेतच थांबायची. "काऊन वो? तुमाला टोचून बघू का?" मग पोराकडं वळून सांगायच्या, "दुखल. धा मोजस्तोवर दुखल, मंग थांबल. मोज." आणि खरंच दहाला थांबायचं. मोठी माणसं आपल्याशी किती खोटं बोलतात याचा पहिला हिशेब मला त्यांच्यामुळं लागला.

आमची मुलींची शाळा गुलमंडीच्या मागच्या बोळात होती. शुक्रवारी सुटी, शनिवारी पुन्हा भरायची. मराठीला पाटी असे, पण उर्दूच्या तासाला तख्ती. तख्ती म्हणजे हातभर लांब लाकडी फळी. ती धुवायची, मुलतानी मातीनं सारवायची, वाळवायची आणि मग तिच्यावर बोरूनं लिहायचं. त्यामुळं दिवसातून दोनदा आमचे हात कोपरापर्यंत मातीनं भरायचे. आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, स्वच्छतेच्या बाबतीत भारी कडक. अंगणातल्या हौदावर हात धुवायचे, खुंटीवरच्या पांढऱ्याशुभ्र पंच्याला पुसायचे, मगच वर्गात पाऊल टाकायचं. तीसेक मुली आणि पंचा एक. तो त्या स्वतः घरी नेऊन धूत, निळीत काढत आणि दर शनिवारी पुन्हा टांगत. शिक्षणखात्याचे मोहतमीम साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आले की बाई त्यांना आधी पंचा दाखवत आणि मग आम्हाला.

त्या पंच्याला हात न पुसणारी एकच मुलगी होती. चंद्री. तिचे वडील छावणीतल्या घोड्यांची खोगिरं शिवत. चामड्याचं काम करणाऱ्यांची पोर, म्हणून तेव्हाच्या रीतीप्रमाणं तिनं हौदाला शिवायचं नाही, पंच्याला तर नाहीच. ती दाराशी वेगळ्या चटईवर बसायची. दुसरीनं वरून पाणी ओतलं की हात धुवायची आणि कमरेला खोचलेल्या फडक्याला पुसायची. ते फडकं तिची आई रोज धुऊन द्यायची. हे लिहिताना आज मला लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, याची जास्त वाटते. अक्षर मात्र चंद्रीचं आम्हा सगळ्यांत सुरेख होतं आणि मोठ्या बाई ते लांबूनच बघून "हूं" म्हणायच्या.

त्या वर्षी दिवाळीला मी कन्नडला मामाकडं गेले होते. तिथं मामेभावाच्या मानेवर मोत्यासारखे पाचसहा दाणे उठलेले. आंघोळीनंतर आम्ही सगळी पोरं एकाच टॉवेलात घुसून दंगा करायचो. परत आल्यावर काही आठवड्यांनी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला तसाच एक दाणा आला. गुळगुळीत, चकचकीत, आणि मधोमध सुईच्या टोकाएवढा खळगा. दुखत नव्हता, खाजत नव्हता. खरं सांगायचं तर मला तो आवडला. मी तो कुणाला दाखवला नाही. मग त्याचे चार झाले, मग सात, आणि मी लांब बाह्यांची पोलकी घालायला लागले.

आंघोळ घालताना आईच्या नजरेस पडलंच. तिनं ती चामखीळ समजून चुना लावला. दाणे तसेच राहिले आणि माझी कातडी मात्र सोलली. मग काका पुढं सरसावले. चामखिळीला घोड्याचा केस बांधला की ती गळून पडते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी सिटी चौकातल्या एका टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचा केस उपटला आणि घोड्यानं त्यांच्या गुडघ्याचा समाचार घेतला. एवढं करून दाणा इतका गुळगुळीत, की केस त्याच्यावर टिकेचना. काका आठ दिवस लंगडत होते.

संक्रांतीपर्यंत शाळेत सोळा मुलींच्या अंगावर दाणे आले. कुणाच्या हातावर, कुणाच्या गालावर, एकीच्या तर पापणीवर. बोळात कुजबूज सुरू झाली, की शाळेत देवी आल्या. दोन घरांच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. आया पोरींना घरी ठेवू लागल्या, आणि मोहतमीम साहेबांचा मुआयना तर आठ दिवसांवर आलेला. मोठ्या बाईंची झोप उडाली. एका दुपारी त्या वर्गात आल्या, दाराशी बसलेल्या चंद्रीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हे कुठून आलं ते मला कळतं. चंद्रे, तख्ती उचल आणि घरी जा. तुझं नाव काढलं."

चंद्रीच्या अंगावर दाणे आहेत का, हे त्यांनी बघितलंच नाही. बघायचं तर हात लावावा लागला असता. चंद्रीनं एवढंच विचारलं, "मी काय केलं बाई?" बाई फळ्याकडं वळल्या. ती गेली. तिची शाळा सुटली की तिला वाळूजला आजोळी ढोरं वळायला पाठवायचं, असं तिच्या घरी ठरलेलं होतं, आणि हे तिनंच आम्हाला मागं सांगितलं होतं. म्हणजे ती आता पुन्हा दिसणार नव्हती. माझ्या बाहीखाली सात दाणे होते. मी तख्तीकडं बघत गप्प बसले.

दोन दिवसांनी, शनिवारी, बाईंनी सकीनाबींना बोलावलं. मुआयन्याआधी 'शाळेत देवी नाहीत' असं सरकारी माणसाकडून वदवून घ्यायचं होतं. सकीनाबींनी आम्हाला अंगणात उन्हात ओळीनं उभं केलं. प्रत्येकीचा हात धरला, मान वळवली, काखेत बघितलं. एकही पोर नाकारलं नाही, एकीलाही 'शी' म्हटलं नाही.

"देवी नव्हं," त्या म्हणाल्या, "कांजिन्याबी नव्हं. कुनाला ताप आला? नाय. हे नुसते मोत्याचे दाने. पोरापोरांत लागत्यात, आपले आप जात्यात. दवा नाय."

"काहीच औषध नाही?" बाईंनी विचारलं.

"सबर. सहा महिने, कुनाला वरीस. फोडायचं नाय, खाजवायचं नाय, चुना नाय, घोडा नाय." घोड्याची बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली कोण जाणे. "हे पाव्हने हायत. मारून हाकललं तं घरभर पळत्यात. फोडला तं त्यातलं पानी लागून शेजारी धा उठत्यात. झाकून ठिवा, आनि शाळा बंद करू नका."

बाईंनी सुस्कारा सोडला. "तरी बरं, जिच्यामुळं आलं तिला मी आधीच काढलं."

"कोन ती?"

"दाराशी बसायची ती. चंद्री."

"तिच्या अंगावर किती दाने हुते?"

बाई पदर सारखा करू लागल्या.

"मोजले नसतील. पर बघितले तं आसतील?"

सकीनाबी बाईंकडं बघत होत्या. त्या आपल्याकडं बघत नाहीत याचंच मला भय वाटायला लागलं. मी मनात मोजायला सुरुवात केली, पण दहापर्यंत काही पोचले नाही.

"आधी मला झालं," मी म्हणाले. "दिवाळीत. कन्नडला. चंद्रीला नाहीच झालेलं. ती पंच्याला पुसतच नाही."

मला रडू फुटलं. सकीनाबींनी मला जवळ ओढलं नाही की रागावल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "कोनता पंचा?" मी खुंटीकडं बोट दाखवलं. त्या तिकडं गेल्या, छत्री मिटली, छत्रीच्या टोकानं तो पांढराशुभ्र पंचा उचलला आणि लांब धरून बाईंसमोर आणला.

"बाई, हा बगा तुमचा चोर."

मोठ्या बाई संतापल्या. "काहीतरीच काय! तो पंचा मी माझ्या हातानं धुते!"

"आठ दिसानं. मधल्या दिसात तीस पोरी त्याला पुसत्यात."

"अहो, मी स्वतः तोंड पुसते त्याला!"

सकीनाबी पुढं झाल्या, बाईंच्या हनुवटीला एक बोट लावून तोंड उन्हाकडं वळवलं आणि निरखून बघितलं. "हौ," त्या म्हणाल्या, "दिसतंय."

हनुवटीच्या खाली दोन दाणे होते. टपोरे.

एक मुलगी फिसकन हसली आणि मग आम्ही कुणीच थांबलो नाही. बाई हनुवटीवर हात ठेवून तशाच उभ्या. हसू ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "चंद्रीचं नाव परत घालते. कुणाबरोबर तरी निरोप पाठवा तिच्या घरी."

"निरोप कशापायी? नाव तुमी काढलं, तुमीच चला. आनि वाकड्या टीक्याची, तूबी चल. सुरुवात तुझी."

अशी आमची वरात निघाली. पुढं छत्री घेतलेल्या सकीनाबी, त्यांच्यामागं पदरानं हनुवटी झाकलेल्या मोठ्या बाई आणि शेवटी मी. खाम नदी ओलांडून छावणीच्या वाटेवर चंद्रीचं घर. दारात चामड्याचे तुकडे वाळत टाकले होते आणि शेजारी एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. चंद्री त्या गाठोड्यावरच बसली होती. वाळूजची गाडी यायची होती. आम्हाला बघून तिची आई बाहेर आली.

मोठ्या बाईंनी घसा साफ केला. "चंद्रीचं नाव मी परत घातलं आहे. तिला पाठवा शाळेत. माझी चूक झाली."

"काढलं काऊन हुतं?" चंद्रीच्या आईनं विचारलं.

"शाळेत अंगावर दाणे उठायचा रोग आलाय. मला वाटलं..."

"आन् मंग कोनाला झाला तो?"

सकीनाबींनी सांगून टाकलं. "सोळा पोरींला. ह्या पोरीला पयला. आनि बाईंलाबी. तुमच्या पोरीला सोडून."

तिथंच सकीनाबींनी चंद्रीच्या बाह्या वर केल्या, मान बघितली. हात स्वच्छ, मान स्वच्छ. चंद्रीच्या आईनं ते बघितलं, मग बाईंच्या हनुवटीकडं बघितलं आणि लेकीला दंडाला धरून मागं ओढलं.

"मंग बाई," ती म्हणाली, "तुमी जरा लांबूनच बोला. माझी लेक साफ हाय."

मोठ्या बाईंना आयुष्यात असं कुणी म्हटलं नसेल. लांब उभं राहा हे सांगायचं काम नेहमी त्यांचं. मला वाटलं, आता ह्या पाठ फिरवून निघून जाणार आणि चंद्री गाडीत बसणार. पण त्या दोन पावलं मागं सरल्या. ओट्याच्या सावलीतून उन्हात गेल्या.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

"पाठवते पोरीला," चंद्रीची आई म्हणाली, "पर हे जाईस्तोवर ती कोनाजवळ बसनार नाय. कोनाच्या फडक्याला हात लावनार नाय. कबूल आसंल तं सांगा."

"कबूल."

परत येताना मी सकीनाबींचा बुरखा धरून विचारलं, "नुसतं शेजारी बसल्यानं होतं का हो हे?"

"नाय बेटा. अंगाला अंग घासलं, एका फडक्याला पुसलं, तं व्हतं."

"मग तुम्ही तिच्या आईला का नाही सांगितलं?"

"मला कोनी इचारलं?" सकीनाबी म्हणाल्या. "मी खोटं बोलत नाय. पर कुटं गप बसायचं ते मला कळतं." मोठ्या बाईंनी हे ऐकलं असणार. त्यांनी हनुवटीवरचा पदर आणखी घट्ट धरला.

सोमवारी सुतार आला आणि त्यानं हौदाजवळच्या भिंतीवर सगळ्या मुलींसाठी ओळीनं खिळे ठोकले. प्रत्येकीनं आपलं फडकं घरून आणायचं आणि रोज धुऊन आणायचं. चंद्रीचा खिळा त्याच ओळीत, माझ्या खिळ्यानंतर चौथा. शाळेतल्या यच्चयावत पोरी आता चंद्रीच्या रीतीनं हात पुसू लागल्या. मोहतमीम साहेब आले तेव्हा भिंतीवर लुगड्यांचे, धोतरांचे, जुन्या पोलक्यांचे रंगीबेरंगी तुकडे फडफडत होते आणि बाईंचा चेहरा पडला होता. साहेबांनी विचारलं, "ये क्या है?" तेव्हा बाईंनी हनुवटीवरची पट्टी सावरत सगळं खरं सांगितलं. साहेब चंद्रीची तख्ती हातात घेऊन बराच वेळ तिचं अक्षर बघत राहिले.

सकीनाबी पुढं कितीतरी वर्षं टोचत राहिल्या. निजामाचं राज्य गेलं, खाती बदलली, कागदांवरची भाषा बदलली, त्यांची छत्री बदलली नाही. माझ्या थोरल्या मुलाला त्यांनीच टोचलं. त्यानं दहाऐवजी वीस मोजले म्हणून त्याला शाबासकी दिली. त्या गेल्याचं मला महिनाभरानं कळलं, तेव्हा मी परगावी होते. त्या आठवल्या की अजून मला ती शाळा आठवते आणि शाळेतला उन्हाळ्याच्या सुटीआधीचा एक दिवस.

दर महिन्याला त्या दाणे मोजायला यायच्या. आम्ही पोरी त्या दिवसाची वाट बघायचो, कारण चंद्री आता बाईंच्या मेजाशेजारी एकटी बसायची, ऐटीत, आणि जिचे दाणे आधी जातील तिला तिच्याजवळ बसायला मिळणार होतं. पूर्वी जिच्या चटईला आमचा पाय लागू देत नव्हतो, तिच्या शेजारच्या जागेसाठी आमची भांडणं व्हायची. त्या दिवशी सकीनाबींनी माझं कोपर उलटंसुलटं केलं, काख बघितली, मान बघितली आणि जाहीर केलं, "साफ!"

मग त्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. "चंद्रे, ही साफ झाली. हिला तुझ्याजवळ बसू द्यायचं का?"

सगळा वर्ग चंद्रीकडं बघायला लागला. मोठ्या बाईसुद्धा. हा सवाल ह्या शाळेत चंद्रीला कुणी कधी केला नव्हता. तिनं माझ्याकडं बघितलं. बोरू दौतीत बुडवला, तख्तीवरची ओळ सावकाश पुरी केली.

"आईला इचारून सांगते," ती म्हणाली.

त्या दिवशी घरी मी नीट जेवले नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच तख्ती छातीशी धरून मी बाईंच्या मेजाशी जाऊन उभी राहिले. चंद्री आली, चटई अंथरली, खाली बसली, आणि माझ्याकडं न बघताच, शेजारी जागा करत, थोडी सरकली.